तिसऱ्या पायरीखालचं कवेलू

या सदरातले अनुभव मी हडपसरहून बिबवेवाडीला येताना बसमध्ये वाचते, आणि खरं सांगायचं तर हसते. आमच्या घरात भूत, करणी, अंगात येणं यातलं काही नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच देव्हाऱ्यासकट सगळं घराबाहेर गेलं. लहानपणी मी अंधाराला घाबरले की आई म्हणायची, "कंदील घेऊन जा आन् पाहून ये काय हाय ते." पाहिलं की भीती जाते, एवढंच मला शिकवलेलं. आणि मी नेमकं तेच केलं नाही... दोनदा. म्हणून हे लिहितेय.

माझं शिक्षण नववी. गाव यवतमाळ जिल्ह्यात. पुण्यात आले ती एका आजींना सांभाळायला. दिवसभर त्यांच्याजवळ बसायचं, उठवायचं, चालवायचं — हे काम मला येत होतं, का येत होतं ते पुढे सांगते. त्या आजी म्हणजे आमच्या मॅडमच्या आई. आजी दोन वर्षांनी गेल्या. मला वाटलं, आता परत गावी. पण मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून ऑफिसला ये." झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांचं छोटंसं टूर्सचं ऑफिस आहे. मला कॉम्प्युटर चालू कसा करायचा हेही माहीत नव्हतं. त्यांनी शेजारी बसवून शिकवलं. आज मी लोकांना परदेशातली घरं शोधून देते. हॉटेल नाही, भाड्याची घरं — एका ठिकाणी आठ-पंधरा दिवस राहायचं, रोज गाडीनं आसपास फिरायचं, संध्याकाळी घरी येऊन वरण-भात. पुण्यातल्या निवृत्त मंडळींना हे फार आवडतं.

मॅडमचा एक नियम आहे. घर कितीही छान दिसो, मालकाला व्हिडिओ कॉल करायचा आणि त्याला फोन हातात घेऊन फाटकापासून मागच्या दारापर्यंत अख्खं घर दाखवायला लावायचं. आम्ही त्याला 'फेरी' म्हणतो. फेरीचा एक कागद असतो — उंबरठा किती उंच, पायऱ्या किती, संडासात धरायला काही आहे का, बाथरूम घसरडं आहे का. खाली सही. मॅडम म्हणतात, "फोटो घर खपवायला काढलेले असतात. आपल्याला पायऱ्या मोजायच्यात."

मागच्या वर्षी उन्हाळ्यात सबनीस काका-काकू आले. काका बँकेतून निवृत्त, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना फ्रान्सची खेडी बघायची होती. मुलगी जर्मनीहून गाडी घेऊन येणार होती.

"हॉटेल नको हं," काकू बसायच्या आधीच म्हणाल्या. "सकाळी गार पाव कोण खाणार?"

काका म्हणाले, "मागच्या टूरला रोज बॅग भरायची, रोज सोडायची. ती टूर नव्हती, बदली होती."

"आणि कुकर आम्ही आमचा नेणार. त्यांनाही कळू दे शिट्टी काय असते."

मी फ्रान्सच्या नैऋत्येकडे, दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात घरं बघायला लागले. पंधरा दिवस नकाशा उघडाच होता. किल्ले, गुहा, नदीकाठची गावं — सगळं एका तासाच्या आत यायला हवं, नाहीतर दिवस गाडीतच जातो. तीन घरं काढली. पहिलं अगदी नदीवर, पण झोपायची खोली वरच्या मजल्यावर. दुसरं बाजारपेठेत, खाली बेकरी, पण गाडी लावायला जागा नाही. तिसरं अक्रोडाच्या बागेत, जुनं दगडी घर. बेडरूम खाली, गाव चालत दहा मिनिटांवर. काकूंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे." मी सांगितलं, तिथे घर शनिवार ते शनिवारच मिळतं आणि रविवारी दुपारनंतर दुकानं बंद असतात. काकू म्हणाल्या, "आम्ही पुण्याचे आहोत गं. बंद दुकानाची आम्हाला सवय आहे."

त्या आठवड्यात मॅडम नाशिकला होत्या. फोनवर म्हणाल्या, "फेरी तूच कर. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून बघतेयस."

मला किती आनंद व्हायला हवा होता! पण इंग्रजी मी वाचून समजून घेते, बोलताना जीभ उचलत नाही. चार वाक्यं कागदावर लिहून काढली, पाठ केली. संध्याकाळी सहाला, म्हणजे तिकडे दुपारी, फोन लावला. सत्तरीच्या एक बाई दिसल्या, पांढरे केस, चष्मा डोक्यावर. त्या हसून भराभर काहीतरी बोलायला लागल्या. इंग्रजी होतं की फ्रेंच, आजही सांगता येणार नाही. मला माझी चारही वाक्यं आठवेनात. मी म्हणाले, "सॉरी, राँग नंबर," आणि फोन कट केला.

त्यांनी दोनदा उलटा फोन केला. मी उचलला नाही.

मग मी फेरीचा कागद भरला. पुढची बाजू फोटोंवरून भरली — उंबरठा एक, स्वयंपाकघरात फरशी, न्हाणीघरात धरायला दांडी. शेवटचा रकाना 'मागची बाजू'. मागच्या बाजूचा एकही फोटो नव्हता. रकाना कोरा ठेवला तर मॅडमना कळणार. मी लिहिलं — "मागच्या दारी तीन दगडी पायऱ्या. सगळ्यात खालची हलते. डाव्या भिंतीला धरूनच उतरावे."

खाली सही केली.

हे माझ्या पेनातून कुठून आलं, ते मला तेव्हाच माहीत होतं. ती आमच्या घराची मागची बाजू होती.

आता ते सांगते.

आमच्या घराच्या मागच्या दारी तीन पायऱ्या आहेत. नुसते दगड रचलेले. मी नववीत असताना खालचा दगड हलायला लागला. आईनं मला सांगितलं, "बाबाले सांगजो, सिमेट लावून देतीन." मी विसरले. दोन दिवसांनी आईनं विचारलं, "सांगितलं का?" मी म्हणाले, "हो." मग खोटं उघडं पडू नये म्हणून मीच दगड उचलून खाली कवेलूचा तुकडा घातला. कवेलू म्हणजे आमच्याकडचं छपराचं मातीचं कौल. तुकडा सरकत होता, म्हणून त्याला सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली. एका ठिकाणी ट्यूबला पंक्चरचं ठिगळ होतं, ते आतल्या बाजूला घेतलं. दगड हलायचा थांबला. आईला वाटलं, बाबांनी केलं. बाबांना काही माहीतच नव्हतं.

तीन-चार महिने टिकलं ते. मग एका सकाळी आई कपड्यांची बादली घेऊन उतरली आणि दगड पालटला. खुब्याचं हाड मोडलं. बाबा तिला घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात गेले. घरात कुणी नव्हतं. मी सगळ्यात आधी काय केलं असेल? मागच्या दारी गेले आणि दगड बाजूला केला. ते कवेलू काढून विहिरीत टाकायचं होतं, म्हणजे कुणाला दिसलं नसतं.

तिथे काहीच नव्हतं. नुसती माती. आजूबाजूला, गवतात, नालीत — सगळीकडे शोधलं. कुठेच नाही.

आई वर्षभर खाटेवर होती. तिचं करायला मी शाळा सोडली. आमच्या घरात शाळा सोडणं ही लहान गोष्ट नाही. बाबा अर्धी भाकर खातील पण पुस्तक आणतील, असे. पण सगळं गाव म्हणायचं, "पोरीनं आईसाठी शाळा सोडली. अशी पोर पाहिजे." मी मान खाली घालून ऐकायची. दाखल्यावर शाळा सोडल्याचं कारण 'घरगुती' असं लिहिलंय. म्हातारं माणूस उठवायचं, बसवायचं, ते मी तिथे शिकले. त्याच्याच जोरावर पुण्यात काम मिळालं. म्हणजे बघा... माझं जे काही बरं झालं, ते त्या दगडापासून सुरू होतं.

मॅडम नाशिकहून आल्या, कागद वाचला. "मागची बाजू छान लिहिलीस," म्हणाल्या. बुकिंग झालं. मी रोज ठरवायची, आज फोन करते. केला नाही. जूनमध्ये काका-काकू गेले. त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष लागेना. तिथे मागच्या दारी काय असेल? पायऱ्या सात असतील तर? चिखल असेल, उतार असेल, आणि काका तीन पायऱ्या समजून पाय टाकतील तर? खोलीवरच्या मुली विचारायच्या, "वैशाली, तुझं लग्नबिग्न ठरलं का?"

चौथ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला.

"अगं, तुझी पायरी सापडली!"

कुठली पायरी, हे मी विचारायच्या आधीच त्या पुढे बोलायला लागल्या.

"मी तुझा तो कागद फ्रिजवर लावून ठेवला होता. हे रोज त्याची टिंगल करायचे. आज सकाळी कपडे वाळत घालायला हेच गेले मागच्या दारानं. खाली मोजून तीन पायऱ्या. दुसऱ्या पायरीवर यांना तो कागद आठवला. डावा हात भिंतीला लावला, खाली पाय ठेवला... आणि दगड पालथा! हे भिंतीला मिठी मारून उभे. इतक्या प्रेमानं मला कधी मारली नाही."

मागून काकांचा आवाज आला, "भिंत उलट बोलत नाही!"

"लागलं का त्यांना?" मी विचारलं.

"खरचटलं सुद्धा नाही. पण वैशाली, एक सांग. मालकीणबाई आल्या होत्या. म्हणतात, पायरी हलते हे त्यांनाच माहीत नव्हतं. मग तुला फोनवर कसं दिसलं?"

"दिसलं... व्हिडिओत," मी म्हणाले.

"तुझे डोळे आहेत की दुर्बीण! थांब, फोटो पाठवते."

फोटो आला. पालथा पडलेला दगड, त्याखालची काळी माती, आणि मातीत लाल कौलाचा एक तुकडा. त्याला काळ्या रबराची पट्टी गुंडाळलेली.

हे मी कागदावर लिहिलं नव्हतं. हे मी आयुष्यात कुणाला सांगितलंच नव्हतं.

मी खुर्चीवरून उठले आणि जिन्यात जाऊन बसले. खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं, त्याचा आवाज ऐकत राहिले. किती वेळ, माहीत नाही.

मॅडमना काकूंनीच सांगितलं. मॅडम सगळ्या ग्राहकांना सांगायला लागल्या — "आमच्या वैशालीनं फोनवरून दगड ओळखला." माझ्या नावाचं व्हिजिटिंग कार्ड छापून आणलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव असं छापलेलं बघितलं. कार्डांचा डबा मी खणात ठेवला, एकही कार्ड कुणाला दिलं नाही. गावात ऐकायची तसंच परत ऐकत होते... मान खाली घालून.

जुलैत काका-काकू ऑफिसला आले. काकांनी माझ्यासाठी चॉकलेटचा डबा आणला होता. काकूंनी पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"लोक फ्रान्सहून अत्तर आणतात. मी खापर आणलंय. गवंडी फेकून देत होता, मालकीणबाईंना विचारून उचललं. आमच्या ह्यांचा गुडघा वाचवला तुझ्या त्या कागदानं. ठेव आठवण. फक्त कुणाच्या माथी फोडू नकोस."

मी तो तुकडा हातात घेतला. रबर वाळून कडक झालेलं, टोकाला भेगा. वजन ओळखीचं वाटलं. आणि मला रडूच फुटलं.

"काकू, मी फेरी केलीच नव्हती."

मग सगळं सांगितलं. राँग नंबर, कोरा रकाना, आई, दगड, सगळं. काका खाली बघत होते. मॅडमचा चेहरा मी बघितलाच नाही, माझी हिंमत नव्हती.

काकू म्हणाल्या, "म्हणजे यांचा गुडघा तुझ्या थापेनं वाचला."

"हो."

"वा. आम्ही बावीस ठिकाणी चौकशा करून इन्शुरन्स काढला होता."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फाईलमधून तो कागद काढला, माझ्या सहीवर रेघ मारली आणि माझा फोन माझ्यापुढे सरकवला. "आता लाव."

"आत्ता?"

"आत्ता. आमच्यासमोर. काकांची ट्रिप झाली असली तरी फेरी राहिलीय."

मी लावला. त्याच बाई. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, मी पुण्याहून बोलतेय, मला तुमचं घर बघायचंय, हळू बोला. त्या हळू बोलल्या! इतकं सोपं होतं ते. फाटक, उंबरठा, स्वयंपाकघर, मग मागचं दार. तीन पायऱ्या. खालची नव्यानं सिमेंटनं बसवलेली. बाईंनी फोन स्वतःकडे वळवला आणि विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते घर त्यांच्या आजीचं होतं. तो दगड कधी हललेला त्यांना आठवत नव्हता.

मी म्हणाले, "आय डोन्ट नो." त्या बाईंना दिलेलं माझं पहिलं खरं उत्तर.

मॅडमनी कामावरून काढलं नाही. महिनाभर फेरी त्यांच्यासमोर करायची, एवढीच शिक्षा. पण त्या दिवशी निघताना म्हणाल्या, "माझ्या आईला तू दोन वर्षं उचललंस ते मी पाहिलंय. ते खोटं नव्हतं. पण आईला सांग."

ऑक्टोबरमध्ये गावी गेले. पिशवीत तो तुकडा. आई चुलीपुढे होती. अजूनही बसताना एक पाय लांब करून बसते. जय भीम झालं, चहा झाला. मी तुकडा तिच्यापुढे ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. अकरा वर्षं पोटात होतं ते पाच मिनिटांत संपलं.

आई चुलीतलं लाकूड मागं-पुढं करत राहिली. मग म्हणाली, "म्या तर समजत होती, माह्याच पाय वाकडा पडला."

"आई, तू तेव्हा उचललं होतं का हे? दगडाखालून?"

"म्या? मले तर बैलगाडीत टाकून नेलं ना. म्या कशी उचलीन?"

"बाबांनी?"

"तुह्या बापानं उचललं असतं तं गावभर दाखोलं असतं." मग तिनं तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला. "आन् हे तिकडून आलं म्हणतं?"

"हो."

"इमानानं?"

"हो."

"मंग माह्यापेक्षा जास्त फिरलं हे."

मी हसले आणि रडलेही. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही, जवळही घेतलं नाही. आमच्याकडे तसं फार नसतं. फक्त म्हणाली, "इतकी वर्षं एकटीच वागवत होती का तू? येडी."

मी सांगितलं, आत पंक्चरचं ठिगळ असेल तर हा माझाच. नसेल तर कुठल्या तरी फ्रेंच माणसाचा. उकलून बघू. माझी एकटीची हिंमत झाली नव्हती, म्हणून तसाच आणला होता. आईनं नखानं रबराचं टोक धरलं. क्षणभर धरून ठेवलं.

मग सोडलं. कोपऱ्यातल्या घडवंचीकडे — पाण्याचे हंडे ठेवायच्या तिवईकडे — सरकत गेली आणि तुकडा घडवंचीच्या एका पायाखाली सारला. वरचा हंडा हाताने हलवून पाहिला.

"लय दिवसाची हालत होती हे."

"आई! बघायचं होतं ना..."

"काय करतं पाहून? ठिगळ असलं तं का, नसलं तं का. हंडे भरेल हायेत, आता कोन उतरवते."

अंधारात कंदील घेऊन पाठवणारी माझी आई... ती असं म्हणाली.

हे वाचून कुणी म्हणेल, जुन्या घरांच्या पायऱ्या हलतातच. फ्रान्सच्या त्या भागात छपरं लाल कौलांची असतात, मीही शेकडो फोटोंत पाहिलीयत. तिकडच्या शेतकऱ्याकडेही जुनी ट्यूब असू शकते. सगळं मान्य. मी स्वतःला रोज हेच सांगते. पण माझा तुकडा त्या सकाळी कुठे गेला, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

गावी असले की सकाळी विहिरीचं पाणी मीच भरते. हंडा ठेवताना नजर खाली जातेच. रबराचं एक टोक बाहेर आलेलं दिसतं, आईनं नखानं सैल केलेलं. ओढलं तर निघेल. पण मग घडवंची हलेल.